हिरव्या दिव्यावर फुली

माझे वडील रस्ता ओलांडताना ना उजवीकडे बघत, ना डावीकडे. ते फक्त समोरच्या दिव्याकडे बघत. दिव्यातला हिरवा माणूस चालायला लागला की तेही चालायला लागत. मी गॅलरीत उभी राहून ते बघत असे. त्यांच्या हातात माझ्या मुलीचा हात असे.

आमची सोसायटी बडोद्यात अकोट्याच्या पुढे, शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आई गेल्यावर आप्पांना मी बडोद्याला घेऊन आले. ते सहजी आले नाहीत. लेकीच्या घरी कायमचं राहायचं ही गोष्ट आमच्याकडे, खानदेशात, अजून जड जाते. आले ते एका अटीवर. त्यांना घरात काहीतरी काम हवं होतं. मग ठरलं की संध्याकाळी नातीला रस्त्यापलीकडच्या चित्रकलेच्या क्लासला न्यायचं, क्लास होईपर्यंत शेजारच्या बागेत बसायचं आणि तिला घेऊन परत यायचं. बागेत रेल्वेतून आणि रिफायनरीतून निवृत्त झालेली मराठी मंडळी बसतात. आप्पांना तिथे बोलायला माणसं मिळाली. त्या तास-दीड तासावर त्यांचं आमच्या घरातलं राहणं टिकून होतं. हे मला कळत होतं, त्यांनाही.

आप्पा रेल्वेत फाटकवाले होते. तापी लाइनवरच्या एका छोट्या स्टेशनच्या पुढे त्यांचं फाटक होतं. फाटकाच्या खोलीत बसून मी पाढे पाठ केले, रेल्वेच्या पासवर बडोद्याला कॉलेजला आले, सरकारी शिष्यवृत्तीवर शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. आता मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेब विभागात काम करते. हे सांगायचं कारण एवढंच, की सरकार कशावर तरी खर्च करतंय असं ऐकलं की माझ्या मनात आधी चांगलंच येतं. आमचं सगळं घर अशाच कुठल्यातरी खर्चातून उभं राहिलं आहे.

रस्ता रुंद झाला तेव्हाही मला आनंदच झाला होता. मधे डिव्हायडर आला, त्यावर रेलिंग, रेलिंगच्या आत फुलझाडं. फक्त पूर्वी जिथून लोक पायी पलीकडे जात तो कट बंद झाला. पलीकडे जायचं तर थेट पुढच्या चौकातल्या सर्कलपर्यंत चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. थोड्याच दिवसांत कोणीतरी रेलिंगचा एक गज वाकवला आणि लोक त्यातून जाऊ लागले. साडी सावरत बाया, डबे घेतलेले कामगार, शाळेची मुलं. आप्पा कधीच गेले नाहीत.

"फाटकाखालून वाकून जाणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या," ते म्हणायचे. "आता म्हातारपणी मीच वाकू?"

ते सर्कलपर्यंत चालत जायचे. नात कुरकुर करत मागे.

एकदा खालच्या मजल्यावरच्या मासी, म्हणजे गुजराती मावशी, त्या वाकलेल्या गजातून बाहेर पडत असताना एका दुचाकीने त्यांना उडवलं. मांडीचं हाड मोडलं. त्या अजूनही काठी घेऊन चालतात. त्यानंतर सोसायटीने अर्ज द्यायचं ठरवलं. सगळ्यांनी सह्या केल्या, कॉर्पोरेटरला भेटून आले. मग बरेच महिने काहीच झालं नाही. मग एके दिवशी डिव्हायडर तोडून तिथे मोकळी वाट केली, पांढरे पट्टे मारले आणि दोन्ही फूटपाथवर खांब उभे राहिले. खांबावर बटण होतं. बटण दाबलं की गाड्यांना लाल दिवा आणि चालणाऱ्यांना हिरवा माणूस.

उद्घाटन झालं. रिबन, नारळ, पेढे. बराच वेळ फोटो चालले. कॉर्पोरेटर खरोखर भला माणूस. भाषण आवरतं घेतलं आणि म्हणाले, सोसायटीतले सगळ्यात मोठे कोण? त्यांनी बटण दाबावं. सगळ्यांनी आप्पांना पुढे केलं.

"दादा, तमे दबावो!" आजोबांना इथे दादा म्हणतात.

आप्पांनी टोपी नीट केली आणि बटण दाबलं. त्या दिवशी वाहतूक पोलीस हजर होते, त्यांनी हात आडवे धरलेले होते. लाल दिवा लागला आणि रस्ता गप्प झाला. बस थांबली, ट्रक थांबला, रिक्षा थांबल्या. आप्पा नातीचा हात धरून मधून चालत गेले. अर्ध्या वाटेत त्यांनी थांबून थांबलेल्या गाड्यांकडे बघितलं. माझ्या लहानपणी फाटक पाडून झाल्यावर ते असेच बघायचे. पलीकडून टाळ्या वाजल्या.

रात्री जेवताना म्हणाले, "गव्हर्नमेंट मनावर घेतं तेव्हा करतं, माय." खानदेशात बाप लेकीला माय म्हणतो. मी म्हटलं, हो आप्पा. मला अभिमान वाटत होता. अर्ज मी लिहिला होता, तोही गुजरातीत. मराठी शाळेत शिकलेल्या मला ती लिपी इथे येऊन शिकावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली आप्पा आणि माझी मुलगी खांबाशी उभे होते. पोलीस नव्हते. आप्पांनी बटण दाबलं. हिरवा माणूस लागला. आप्पांनी पाऊल टाकलं आणि एक पांढरी गाडी त्यांच्या पुढून, अगदी पुढून गेली. थांबली नाही, हळूसुद्धा झाली नाही. तिच्या मागून आलेल्या गाडीने करकचून ब्रेक मारला आणि भोंगा धरून ठेवला. एक मोटरसायकल त्यांच्या मागून वळसा घालून निघाली. आप्पा त्याच चालीने चालत राहिले. मान वळली नाही. नात त्यांच्या बाजूने तशीच ताठ चालत होती.

कपडे टाकून मी अनवाणीच खाली धावले. जिना उतरून रस्त्यापर्यंत पोचले तोवर ते पलीकडे क्लासच्या दारातून आत जात होते.

ते परत आले ते चिडलेले. घाबरल्याचं चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"त्यानं लाल सिग्नल पास केला! उघड्या डोळ्यानं. आमच्याकडे असता तर सस्पेंड झाला असता."

"आप्पा, तुम्ही बघितलं नाही का, गाडी येत होती?"

"मी कशाला बघू? बघायचं त्यानं. दिवा त्याला लाल होता."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांच्या डोक्यात काय चाललंय. आप्पांच्या फाटकावर एक व्यवस्था होती. फाटक पूर्ण बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय आगगाडीला जायचा सिग्नल पडतच नसे. दोन्ही एकमेकांना बांधलेले होते. सिग्नल पडला याचा अर्थ फाटक बंद आहे, कोणी मधे येऊ शकत नाही. इंजिनातला माणूस फाटकाकडे बघत नाही, सिग्नलकडे बघतो आणि गाडी सोडतो. नोकरीभर आप्पांनी असा सिग्नल दिला आणि तो कधी खोटा निघाला नाही. आता पालिकेने त्यांच्यासाठी दिवा बसवला होता. हिरवा लागला म्हणजे गाड्यांची बाजू बंद आहे, हे त्यांनी धरून चाललं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ते तसंच होतंही.

आप्पा दुसऱ्या दिवशी सर्कलवर गेले आणि तिथे पोलिसांच्या मदतीला उभ्या असलेल्या ट्रॅफिक ब्रिगेडच्या जवानाला सगळं सांगितलं. जवान पोरगेला, उन्हाने रापलेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"दादा, बे बाजू जोईने क्रॉस करवानुं." दोन्हीकडे बघून ओलांडायचं.

"मग दिवा कशाला लावलाय?"

"दिवो पण जोवानो," तो म्हणाला. दिवाही बघायचा. आणि हसला.

आप्पांना ते हसणं फार लागलं. घरी येऊन त्यांनी मला विचारलं, "सरकारी माणूस असं बोलतो का गं?"

माझा नवरा बडोद्याचाच. नागरवाड्यात लहानाचा मोठा झालेला. त्याच्या मराठीत निम्मी गुजराती असते आणि कुठल्याही भांडणात तो आवाज चढवत नाही. त्या रात्री त्याने फार गोडीत विषय काढला.

"आप्पा, वांधा काही नाही. पण थोडे दिवस क्लासला मी सोडत जाईन तिला, स्कूटरवर. तुम्ही इथेच सोसायटीच्या बाकावर बसा ना. हवा मस्त असते."

आप्पांनी पोळीचा तुकडा ताटात ठेवला.

"बाकावर बसायला मी इथे आलो नव्हतो, जावईबापू. तसं असेल तर गावचं घर अजून उभं आहे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे. गावच्या घरात आता कोणी नाही. विहिरीवरून पाणी आणायचं, एकट्याने चूल पेटवायची. रस्त्यावर काय होईल या भीतीपेक्षा ती भीती लहान होती असं मला म्हणता येईना. आणि त्यांच्या मानापुढे मला दोन्हींपैकी एकही मोठ्याने बोलता येईना.

मी वॉर्ड ऑफिसला गेले. कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. तिथले इंजिनिअर तरुण होते, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सांगितलं की दिवा आहे पण गाड्या थांबत नाहीत. त्यांनी मान डोलावली.

"तमारी वात साची छे, बेन," ते म्हणाले. मग माझं मराठी नाव बघून हिंदीत समजावलं. मूळ आराखड्यात झेब्राच्या जागी रस्ता उंच करायचा होता. गतिरोधक, पण पट्ट्यांएवढा रुंद. इथे सगळे त्याला बम्पच म्हणतात. त्या बम्पावर गाडीला हळू व्हावंच लागतं. पण दिव्याचं काम खर्चाच्या एका हेडखाली येतं आणि रस्त्याचं काम दुसऱ्या हेडखाली. दिव्याचे पैसे आधी आले. ते त्याच वर्षी खर्च झाले नसते तर परत गेले असते. म्हणून दिवा उभा राहिला. बम्पाचे पैसे अजून मंजुरीत होते.

"आणि तोवर?"

"तोवर दिवा आहे ना, बेन."

मी हिशेबाच्या खात्यातली बाई. वर्ष संपायच्या आत पैसे खर्च करायची घाई आमच्या कारखान्यातही असते, मला ती परकी नव्हती. इंजिनिअर खोटं बोलत नव्हते, टाळतही नव्हते. चहा चांगला होता. पण बसने परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की एखादा खर्च अर्धा झाला तर तो अर्धा उपयोगी पडतो असं नाही. काही नव्हतं तेव्हा आप्पा सर्कलपर्यंत चालत जात होते. अर्धं झालं तेव्हापासून ते गाड्यांच्या तोंडी जात होते.

मग ती संध्याकाळ आली. आप्पांना ताप होता, म्हणून क्लासला मुलीला मी घेऊन निघाले. खांबाशी आलो. तिने उडी मारून बटण दाबलं. हे बटण दाबणं तिला फार आवडायचं. मी पिशवीत फोन शोधत होते. हिरवा माणूस लागला.

ती निघाली. माझा हात सोडून, सरळ, ताठ, दिव्याकडे बघत. अगदी आजोबांसारखी.

बस येत होती. मला ती आवाजावरून कळली. मी हात फेकला आणि माझ्या बोटांत तिच्या दप्तराचा पट्टा आला. तो मी ओढला. ती उताणी माझ्या अंगावर पडली, रंगांची डबी रस्त्यावर गेली आणि बस त्यावरून निघून गेली. वारा तोंडावर आला. बसच्या मागच्या काचेतून एक बाई आमच्याकडे बघत होती. ती दूर जाईपर्यंत बघत राहिली.

मुलगी रडली नाही. तिला राग आला होता.

"आई, हिरवा होता!"

"बघायचं नाही का, बाळा? दोन्हीकडे बघायचं ना!"

"आजोबा म्हणतात बघायचं नसतं. बघितलं म्हणजे आपला सिग्नलवर भरवसा नाही."

क्लासला आम्ही गेलो नाही. रस्त्यावर पसरलेला निळा आणि पिवळा रंग चाकांखाली जात होता. मी तिला उचलून घेतलं. ती आता उचलण्याएवढी लहान नव्हती, तरी जिना चढून वर घेऊन गेले.

आप्पा अंथरुणावर पडले होते. मी त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशीही बोलले नाही. नुसतं काय झालं ते सांगितलं. बस, पट्टा, रंगाची डबी. आणि तिने काय म्हटलं ते.

ते उठून बसले. मग विचारलं, "दिवा पूर्ण हिरवा होता?"

"हो."

"बसवाल्याला लाल होता?"

"हो आप्पा. त्या दिव्याला काही बांधलेलं नाही. तो नुसता दिवा आहे. मी ऑफिसात विचारून आले."

"नुसता दिवा," ते म्हणाले. त्यांनी नातीला जवळ बोलावलं. ती गेली. त्यांनी तिच्या कोपरावरचं खरचटलेलं बघितलं, मग दुसरं कोपर बघितलं. आणि तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

सकाळी अंथरूण रिकामं होतं. चपला नव्हत्या. मी गॅलरीत धावले.

आप्पा खाली खांबाशी होते. फळवाल्याकडून त्यांनी मोडक्या खोक्याच्या चार लाकडी पट्ट्या आणल्या होत्या. त्यातल्या दोन एकमेकींवर आडव्या-तिडव्या ठेवून, तारेने बांधून, त्यांनी त्यांची फुली केली होती आणि ती बटणाच्या डबीवर घट्ट आवळत होते. ताप अजून होताच. अंगावर शाल होती.

मी खाली गेले. "हे काय करू राहिलात, आप्पा?" त्यांची भाषा माझ्याही तोंडात आली.

"रेल्वेत जो सिग्नल कामात नाही त्याच्यावर फुली लावतात. मग त्याला कोणी मानत नाही. ड्रायव्हर डोळे उघडे ठेवून गाडी काढतो." तारेचं टोक त्यांनी पिळून आत वळवलं, कोणाला लागू नये म्हणून. "पलीकडच्या खांबाला पण लावायची आहे. थांब, मला नेऊ नको तिकडे. मी सर्कलवरून जातो."

ते गेले. तापाने फणफणलेले, सर्कलपर्यंत चालत, आणि पलीकडच्या खांबावरही फुली लागली.

तीन-चार दिवस कोणी काही बोललं नाही. शेजाऱ्यांना वाटलं पालिकेनेच काहीतरी केलंय. लोक डबीकडे बघायचे, फुली बघायचे आणि पूर्वीसारखे मान वळवून, घोळक्याने, जपून पलीकडे जायचे. मासी काठी टेकत आल्या तेव्हा घोळका त्यांच्यासाठी थांबला. ते मी गॅलरीतून बघितलं. पण माझी झोप उडाली होती. सरकारी वस्तूला हात लावलेला. कोणीतरी विचारायला येणारच होतं.

शनिवारी संध्याकाळी आले. कॉर्पोरेटरचा एक कार्यकर्ता, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि त्याच्याबरोबर वॉर्ड ऑफिसचे तेच तरुण इंजिनिअर. आप्पा आणि माझी मुलगी तेव्हा क्लासला निघण्यासाठी खाली उतरले होते. मीही बरोबर होते, त्या दिवसापासून मी रोज बरोबर असायचे आणि आम्ही सर्कलवरूनच जायचो. सोसायटीतली माणसं जमली.

"आ कोणे कर्युं?" कार्यकर्त्याने विचारलं.

"मी," आप्पा मराठीत म्हणाले.

कार्यकर्त्याने वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखलं बहुतेक. उद्घाटनाच्या फोटोत हेच होते. "दादा! तुम्हीच बटण दाबलं आणि तुम्हीच बंद केलं? सरकारी मिलकत आहे ही. पोलीस केस होऊ शकते. साहेबांनी केवढ्या मेहनतीने आणलंय हे!"

पोलिसांचं नाव निघालं. आमच्या घरात कोणी चौकीची पायरी चढलं नव्हतं. शाळेत, कॉलेजात, नोकरीत, साहेब म्हणतील त्याला मी हो म्हणत आले. ज्यांनी शिकवलं, पास दिला, शिष्यवृत्ती दिली त्यांच्यापुढे तोंड उघडायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी मी शिकले होते. आता सगळे माझ्याकडे बघत होते आणि आप्पाही.

मी डबीकडे गेले. फुलीची तार सैल करून बटण मोकळं केलं.

"भाई, तुम्ही दाबा," मी म्हटलं. "हिरवा लागला की जा. पण कुठेही बघायचं नाही. फक्त दिव्याकडे बघून जाऊन दाखवा. मग आप्पा स्वतः फुली काढतील."

"एमां शुं?" यात काय, असं म्हणून त्याने बटण दाबलं. हिरवा माणूस लागला. त्याने एक पाय फूटपाथवरून खाली टाकला. आणि सवयीने मान उजवीकडे वळली. एक रिक्षा सरळ निघून गेली, तिच्यामागे टेम्पो, टेम्पोच्या बाजूने दोन दुचाक्या. त्याने पाय वर घेतला.

लोक हसले. तोही हसला, बिचारा. मनाने वाईट नव्हता.

"पण जोया वगर तो कोण जाय, बेन?" न बघता कोण जातं?

"मी जात होतो," आप्पा म्हणाले. त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि ही जात होती."

हसणं थांबलं. हिरवा माणूस अजून चालत होता, मग तो लाल झाला. इंजिनिअर माझ्या मुलीकडे बघत होते. कोपरावरची खपली अजून दिसत होती. ते फूटपाथच्या कडेच्या लोखंडी पेटीकडे गेले, किल्लीने ती उघडली आणि आत काहीतरी फिरवलं. दोन्ही खांबांवरचे दिवे विझले. मग गाड्यांचा पिवळा लुकलुकायला लागला. चालणाऱ्यांचा दिवा काळाच राहिला.

"बम्प होईपर्यंत असंच राहू दे," ते हिंदीत म्हणाले. "मी वर कळवतो." आणि कार्यकर्त्याला हळूच काहीतरी सांगितलं. तो फोन काढून बाजूला गेला. साहेबांना काय सांगितलं ते मला कळलं नाही.

आप्पांनी तार सोडवली. पट्ट्या सुट्या केल्या, तारेची वेटोळी करून खिशात घातली. पलीकडचीही काढतो म्हणाले. बम्प अजून झालेला नाही. मंजूर झालाय असं ऐकते. त्या संध्याकाळी तर तो कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता.

क्लासला उशीर झाला होता, सर्कलपर्यंत जायला वेळ नव्हता. माणसं पांगली. आम्ही तिघं फूटपाथच्या कडेला उभे राहिलो, मधे मुलगी, एका बाजूला मी, एका बाजूला आप्पा. ते समोरच्या काळ्या दिव्याकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली. उजवीकडे बघितलं. गाड्या येत होत्या. थांबले. पुन्हा बघितलं. एक मोकळी जागा आली आणि गेली, ते हलले नाहीत. दुसरी आली, तीही गेली. जन्मभर दुसऱ्यांना रस्ता मोकळा आहे म्हणून सांगणाऱ्या माणसाला आता स्वतःसाठी ते ठरवता येत नव्हतं.

"माय," ते म्हणाले, "तू सांग."

मी बघितलं. एक ट्रक दूर होता. त्याच्या अलीकडे एक दुचाकी. दुचाकी गेली. ट्रक अजून दूर होता. माझ्या जबड्यात दुखत होतं, इतके दात आवळले गेले होते.

"चला."

आम्ही गेलो. धावलो नाही, पण चालही नव्हती ती. मधल्या डिव्हायडरशी येऊन फुलझाडांच्या कडेला थांबलो. मागून ट्रक गेला, जमीन हलली. माझ्या मुलीच्या हाताला घाम होता की माझ्या, सांगता येत नव्हतं.

आता गाड्या डावीकडून येणार होत्या. आप्पा पुन्हा माझ्याकडे बघत होते. मी मान वळवायच्या आत मुलीने वळवली. पाय जागच्या जागी, गळा ताणून, ती डावीकडे बघत राहिली.

"थांबा आजोबा," ती म्हणाली. "येतेय एक."